मैनाचा राग आणि भागोजीचा फोन

नाटे गावात मैनाच्या रागाला न घाबरणारा माणूस एकच, तिचा बाप भागोजी. घाबरणार कशाला? राग तिला त्याच्याकडूनच आलेला. दोघांची जुंपली की आई मथुरा पडवीतून उठून अंगणात जायची. जाताना म्हणायची, "आटपा तुमचा काय ता. मी चाय ठेवते." शाळेत असताना मैनानं भर वर्गात गुरुजींना सांगितलेलं, "चुकलंय तुमचं, पुसा ते." गुरुजी चुकलेलेच होते. पण म्हणून असं तोंडावर बोलतं का कोणी? मैना बोलायची. पोटात ठेवणं हा प्रकारच तिला माहीत नव्हता.

अशी ही मुलगी बीएस्सी झाली आणि रत्नागिरीत, मारुती मंदिरापासून जवळच, एका मोबाइल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात काउंटरवर बसायला लागली. आता अशा माणसाला काउंटरवर कोण बसवतं, सांगा! पण बसवली खरी. समोरचा ओरडला की ही दुप्पट ओरडायची आणि मग मुकाट्यानं त्याचं काम करून द्यायची. पहिल्या पगारात तिनं बापासाठी फोन घेतला, आपल्याच कंपनीचा. त्याचा जुना बटणांचा फोन खाऱ्या हवेनं पार गंजला होता. "ह्या आरशाचा मी काय करू?" असं भागोजी म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी बंदरावर ज्याला त्याला, "बायनं दिलान, बायनं दिलान," करत दाखवत सुटला.

मागच्या वर्षीची नारळी पौर्णिमा. होडी पुजली, जाळी पुजली, इंजिन पुजलं, समुद्राला नारळ दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे भागोजी एकटाच होडी घेऊन गेला. नवा फोन पातळ, आरपार दिसणाऱ्या पिशवीत गुंडाळून, वर रबरबँड लावून बरोबर घेतला. बंदरावर सगळेच तसा नेतात, नाहीतर एका लाटेत फोनची माती होते.

संध्याकाळी मथुरेचा रत्नागिरीला फोन आला. "बाबा आले नाय गो अजून."

मैनानं बापाला फोन लावला. वाजला. परत लावला. परत वाजला. आधी ती चिडलीच. वाजतोय म्हणजे रेंज आहे, आणि हा म्हातारा उचलत नाही! लावत राहिली, शिव्या घालत राहिली. मग शिव्या थांबल्या, फोन लावणं थांबलं नाही. शेवटी उजाडता उजाडता फोन बंद असल्याचं सांगणारी बाई बोलायला लागली. मैनानं तिलाही शिवी दिली आणि खोलीत खाली बसून रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी विजयदुर्गाच्या बाजूच्या एका ट्रॉलरला होडी वाहत जाताना दिसली. इंजिन बंद, वल्हं मोडलेलं, भागोजीचा खांदा निखळलेला. पण जिवंत. मैना दवाखान्यात पोचली तेव्हा तो छताकडे बघत पडला होता. ती सरळ अंगावरच गेली, "फोन वाजत होता ना? मग उचलायला काय झालेलं?"

"वाजत व्हता," भागोजी म्हणाला. "तुजा नाव यायचा नि विझायचा. दाबला तरी विझायचा. मी हातात धरून बसलेला, नि माजी बाय मला हाक मारते, नि मला ओ देता येत नाय."

एवढं बोलून त्यानं पायथ्याशी बसलेल्या मथुरेकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर वर्षभर तो त्या रात्रीविषयी बोलला नाही. मथुरेनं पिशवीतून फोन काढून, पदरानं पुसून मैनाच्या हातात दिला. चार्ज केल्यावर फोन एकदम ठणठणीत!

मैनानं तो फोन आपल्याच काउंटरवर ठेवला, गिऱ्हाईक म्हणून. सेंटरचा मॅनेजर विनीत. त्यानं पाच मिनिटं फोन इकडून तिकडे फिरवला. "स्क्रीनच्या वर, मधोमध, एक बारीक डोळा असतो," तो म्हणाला. "तू फोन कानाला लावलास की त्याला कळतं आणि तो स्क्रीन बंद करतो. तुझ्या वडिलांनी प्लास्टिक गुंडाळलं, त्याला वाटलं कान आहे." मग कागदावर लिहिलं, ग्राहकाची चूक.

मैनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चूक? समुद्रावर जाणाऱ्या माणसानं फोन काय हातात नाचवत न्यायचा? रात्रभर माझा बाप मरणाच्या दारात बसला होता, आणि चूक त्याची?"

"मी काय करणार, मैना? आतलं सॉफ्टवेअर कंपनी लिहिते. ते आपल्या हातात नाही."

"कोणाच्या हातात आहे?"

विनीतनं वर बोट दाखवलं. देवाकडे की हेड ऑफिसकडे, कोण जाणे.

घरी भागोजीनं आपला निकाल देऊन टाकला. फोन समुद्रावर येणार नाही. हा नाही, दुसरा नाही, कुठलाच नाही. मैनानं हातापाया पडून पाहिलं, भांडून पाहिलं, चार दिवस अबोला धरून पाहिला. खांदा बरा झाला तसा तो होडी घेऊन जायला लागला, आणि फोन फडताळात. मथुरा रोज बंदरावर जाऊन वाट बघत बसायची, आणि मैना रत्नागिरीत रोज संध्याकाळी आईच्या फोनची वाट बघत काउंटरवर लोकांवर खेकसायची. बाप पुन्हा समुद्रावर अडकला तर ह्या खेपेला हाकसुद्धा ऐकू येणार नव्हती. तिला जे काही करायचं होतं ते एवढ्यासाठी की, पुढच्या नारळी पौर्णिमेला होडीत फोन असला पाहिजे.

आणि मग ती त्या आतल्या सॉफ्टवेअरच्या मागे हात धुऊन लागली.

फोनमध्ये आपण बघतो ते सगळं वरचं, फळीवरचं. ॲप, फोटो, गाणी. त्याच्या खाली, होडीच्या तळात असावं तसं एक सॉफ्टवेअर असतं. त्याला कर्नल म्हणतात. बटण दाबलं, बोट लागलं, तो बारीक डोळा काही बघू लागला, की पहिली खबर त्याला जाते. प्रत्येक भागाशी बोलायला त्याच्याकडे एकेक ड्रायव्हर असतो, म्हणजे त्या भागाची भाषा समजणारा तुकडा. मैनाला हवा होता त्या डोळ्याचा ड्रायव्हर. तिला बीएस्सीत ह्यातलं काही म्हणजे काही शिकवलेलं नव्हतं. तिथे शिकवलेलं सी भाषेत बेरीज कशी करायची ते, आणि तेही फळ्यावर!

सेंटरच्या भंगाराच्या खणातून तिनं त्याच मॉडेलचा एक फुटक्या काचेचा फोन उचलला. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चढवली. रविवारी नाट्याला जायच्या एसटीत, पावसच्या स्टँडवर गाडी थांबली की मोबाइलवर धडे वाचायची, पूर्णगडच्या पुलावर रेंज गेली की डाउनलोड करून छापून घेतलेले कागद काढायची. अर्धं कळायचं नाही. न कळलेल्याचा तिला असा राग यायचा की शेजारच्या सीटवरच्या बाया सरकून बसायच्या. "शिरा पडो ह्यांच्या तोंडावर, नीट लिहायला काय धाड भरते!" पण परत पहिल्यापासून वाचायची. रागाचा एवढा एक उपयोग असतो, माणूस सोडत नाही.

इंटरनेटवरच्या मंचावर प्रश्न विचारला तर कुठल्या तरी परदेशातला कोणी उत्तर द्यायचा, "आधी लॉग वाच." आधी लॉग म्हणजे काय ते तर सांग, मेल्या! मग कळलं की फोन आतल्या आत सतत काहीतरी पुटपुटत असतो, आणि तार जोडून ते ऐकता येतं. ते वाचायची तिला सवय लागली. कुठली ओळ नेहमीची, कुठली कुरबुर, हे नुसतं बघून समजायला लागलं.

कर्नलचा कोड, म्हणजे त्याचा लिहिलेला मूळ मजकूर, जगाला उघडा करावा लागतो, असा त्याच्या परवान्याचाच नियम. कंपनीनं उघडा केला नव्हता. मैनानं पत्र पाठवलं. "आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे," असं उत्तर आलं. परत पाठवलं. परत तेच. मग ती रोज पाठवायला लागली, आणि प्रत्येक पत्रात आपल्या बापाचं नाव, गाव आणि ती रात्र लिहायला लागली. अखेर कंटाळून कुणीतरी कोड टाकला, पण त्यात नेमका त्या डोळ्याचा ड्रायव्हर गाळलेला! मैनानं त्या दिवशी विनीतसमोर असा काही तोंडाचा पट्टा सोडला की बाहेर उभं असलेलं गिऱ्हाईक आपला बिघडलेला फोन घेऊन तसंच परत गेलं.

तोच डोळा दुसऱ्या एका कंपनीच्या फोनातही होता, आणि त्यांनी कोड रीतसर उघडा केलेला. तिनं तो उचलला, आपल्या फोनाला बसवायला घेतला. पहिल्याच प्रयत्नात चुकीच्या जागी चुकीची फाइल लिहिली आणि फोन मेला. दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. विनीत म्हणाला, "वीट झाली त्याची. उंदीर मारायला ने." ती रत्नागिरी ते आरे-वारे स्कूटर काढून गेली, वाळूत बसून समुद्राला मनसोक्त शिव्या दिल्या, आणि परत आली. विटेला जिवंत करायला आठवडे गेले. पण त्या आठवड्यांत फोन पहिल्या क्षणाला काय करतो, दुसऱ्याला काय, कोण कोणाला उठवतं, हे तिला असं पाठ झालं की झोपेतून उठवून विचारा.

आणि पावसाळा निम्मा सरला तेव्हा ड्रायव्हर चालला. डोळा जे बघतो त्याचा आकडा लॅपटॉपवर पळताना दिसायला लागला. उघड्यावर आकडा लहान. बोट आणलं की वाढतो. ठरलेल्या सीमेपलीकडे गेला की फोन समजतो, कान आला, आणि स्क्रीन विझवतो.

तिनं फोन पिशवीत घातला.

आकडा थोडासा वाढला. सीमेच्या जवळपासही गेला नाही. स्क्रीन चालूच राहिली.

दोन पिशव्या घातल्या. मिठाचं पाणी लावलं. बाजारातून बांगडा आणून, तो हाताळलेला बुळबुळीत हात वरून फासला. आकडा हलायचा, पण सीमा ओलांडत नव्हता. म्हणजे विनीत खोटा, कंपनी खोटी, ती स्वतः वर्षभर ज्या पिशवीच्या नावानं बोटं मोडत होती ती पिशवी बिचारी निर्दोष! मग त्या रात्री काय झालं होतं? रडावं की लॅपटॉप फोडावा, ते तिला कळेना. सीमा वाढवून ठेवली असती, पण नुसती किती वाढवायची? ज्यानं बापाला फसवलं ते काय आहे हेच माहीत नसेल तर कशाच्या जोरावर सांगायचं, की न्या आता, फसवणार नाही म्हणून?

तशातच नारळी पौर्णिमा आली. उत्तर न घेताच मैना नाट्याला आली. पडवीत, बापाच्या फोनात आपला ड्रायव्हर चढवून, तो तारेनं लॅपटॉपला जोडून बसली होती, आकडे पळत होते. भागोजी अंगणात जाळ्याची गाठ मारत होता आणि मुद्दाम तिच्याकडे बघत नव्हता.

"ऐका," मैना म्हणाली. "मी ह्याच्या आतलं बदललंय. न्याल का?"

"नाय."

"पिशवीत घातला, तुम्ही हातात धरला, मी फोन लावला आणि तुम्हाला उचलता आला, तर?"

भागोजीनं गाठ घट्ट ओढली.  मग म्हणाला, "पूजा झाल्यावर बघूया. पूजेच्या आधी नाय."

मथुरा ताम्हन घेऊन आली. आधी जाळ्याला हळद-पिंजर, म्हणजे हळदकुंकू, लावली, मग इंजिनाला, मग कोयत्याला. वर्षभर दर सोमवारी ती अनवाणी देवळात जात होती, नवरा परत आला म्हणून. पडवीत आली आणि मैना हं की नाही म्हणायच्या आत, ओल्या पिंजरीचं बोट तिनं फोनच्या माथ्यावर, अगदी मधोमध टेकवलं. माणसाच्या कपाळाला लावतात तसं.

लॅपटॉपवरचा आकडा उसळला, सीमा ओलांडून टोकाला गेला आणि तिथेच बसला. फोनची स्क्रीन विझली.

मैनानं आकड्याकडे पाहिलं, मग आईच्या बोटाकडे.

"गेल्या वर्षी पण हितंच लावलेली," मथुरा म्हणाली. "पहिल्यांदाच समुद्रावर जायचा होता ना तो, म्हणून जरा जास्तच लावलेली. त्या पिंजरीनंच आणलान त्यांना परत. नायतर तसल्या रातीत कोण वाचतो, बाय?"

मैनाच्या तोंडात वाक्य तयार होतं. आये, तूच. तुझ्या बोटानं. ती शब्द ओठापर्यंत आणून थांबली, आणि थांबली ह्याचाच तिला धक्का बसला. आई तिच्याकडे हसून बघत होती, हातात ताम्हन, अंगठ्याला लाल. राग तर अंगात मावत नव्हता. पण तो आईवर नव्हता, हे तिला पहिल्यांदा इतकं स्वच्छ कळलं. तो होता कुठल्या तरी गार खोलीत बसून हा ड्रायव्हर लिहिणाऱ्यावर. त्यानं फोनसमोर कान आणला, गाल आणला, खिसा आणला. ज्या घरात नव्या वस्तूला आधी पिंजर लागते ते घर त्याला ठाऊकच नव्हतं. आणि वर्ष झालं, तिलाही आपलं घर आठवलं नव्हतं!

"आये, पुसू नको हां ते," ती म्हणाली. "राहू दे तसंच."

मग तिनं लॅपटॉप मांडीवर ओढला. सीमा-बिमा गेली खड्ड्यात. त्या डोळ्यावर विश्वासच ठेवायचा नाही. त्याला काहीही दिसो, ड्रायव्हरनं वर एकच खबर द्यायची, समोर कोणी नाही. कानाला लावल्यावर स्क्रीन चालूच राहील, गालानं एखादं बटण दाबलं जाईल, दाबलं जाऊ दे. थोड्याच ओळी होत्या, पण लिहिताना तिची बोटं टणाटण आपटत होती. बाहेरून भागोजी ओरडला, "भरती तुज्यासाठी थांबायची नाय!" ती आतून ओरडली, "थांबेल! थांबवा!" फोन बंद झाला, चालू झाला.

बंदरावर सगळ्यांनी समुद्राला नारळ दिले. पूजेनंतर होडीनं एक फेरी मारून यायची रीत. फोन पिंजरीसकट पिशवीत गेला, वर रबरबँड बसला. भागोजी कमरेएवढ्या पाण्यात, होडीला एक हात लावून, दुसऱ्या हातात पिशवी धरून उभा. मैनानं किनाऱ्यावरून फोन लावला.

वाजला. उजळला. भागोजी वाकून बघायला लागला. नाव आलं आणि राहिलं.

"उचला की!" मैना किंचाळली.

"थांब गो. बघू दे जरा."

तो बघत राहिला. मग पिशवीवरून अंगठा ओढला. "हॅलो."

"हॅलो," मैना म्हणाली. 

भागोजी फोन कानाला लावूनच होडीत चढला, इंजिन चालू केलं आणि निघाला. शेजारी मथुरा पदर तोंडाशी धरून उभी होती. "मग त्या दिवशी काय झाला व्हता गो त्याला?" तिनं विचारलं.

"कंपनीनं घाण केलेली, आये."

"मुडदा बशिवला मेल्यांचा," मथुरा म्हणाली.

फोनमधून इंजिनाचा आवाज येत होता. होडी बरीच आत गेल्यावर त्या आवाजातून बाप हळूच बोलला. "पिंजरीवर पण चालला मां?"

मैनानं फोन कानाशी घट्ट दाबला. "तुम्हाला... तुम्हाला माहीत होतं?"

"उजाडताना पिशवी सोडलेली. अंगठ्यानं पिंजर पुसली नि दिवा लागला. नि लगेच बॅटरी संपली."

"वर्षभर!" मैनाचा आवाज चढला. मथुरेनं वळून पाहिलं, तसा तिनं तो दातांत धरला. "वर्षभर मी त्या कंपनीशी डोकं फोडतेय, आणि तुम्ही एका शब्दानं—"

"तुला सांगून? तुज्या तोंडात काय ऱ्हाता? त्याच दिवशी आयेच्या तोंडावर बोलली असतीस." इंजिन धडधडत होतं. "फोन नेला असता तर ती परत पिंजर लावणार. लावू नको म्हटला तर का म्हणून विचारणार. म्हणून नेलाच नाय."

मैनाला इतका राग आला होता की डोळ्यांतून पाणी वाहत होतं. समोर होडी लहान होत चाललेली, कानात बापाचा श्वास, आणि बाजूला आई. ओरडायला जागाच नव्हती.

"या परत," ती म्हणाली. "मग बघते तुमच्याकडे."

"येतो," भागोजी म्हणाला. "ठेव आता."

"तुम्ही ठेवा."

कोणीच ठेवला नाही.

"काय म्हणतायत?" मथुरेनं विचारलं.

"काय नाय. आल्यावर भांडायचंय आम्हाला."

"भांडा," मथुरा म्हणाली, आणि अंगठ्याची पिंजर पदराला पुसून घराकडे वळली. "मी चाय ठेवते."